चर्च कुणाच्या नावावर?

अमेरिकेतल्या कुठल्याही गावात रविवारी सकाळी फिरलात, तर एकाच रस्त्यावर चार-पाच चर्च दिसतात आणि प्रत्येकाच्या पाटीवर वेगळा पंथ. आपल्याला वाटतं, बायबलच्या अर्थावरून वाद झाले असणार आणि मंडळी वेगळी झाली असणार. पुष्कळदा तसं झालंही आहे. पण पाटीवर 'आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल' असं लिहिलेलं असेल, तर तिथे गोष्ट निराळी आहे. या लोकांचं शिकवणुकीवरून काही भांडण नव्हतंच. भांडण होतं गुडघे कुठे टेकायचे यावरून, आणि पुढे जागेच्या कागदांवरून.

रिचर्ड ॲलन १७६० साली गुलाम म्हणून जन्मला. त्या काळात मेथडिस्ट प्रचारक घोड्यावरून गावोगाव फिरत, साध्या भाषेत बोलत, आणि त्यांच्यातले बरेच जण गुलामगिरीला उघड पाप म्हणत. असंच एक प्रवचन ॲलनच्या मालकाने ऐकलं आणि त्याचं मन डळमळलं. तरी फुकट सोडलं नाही हं! पैसे भरून स्वातंत्र्य विकत घे, म्हणाला. ॲलनने लाकडं फोडली, विटा पाडल्या, आणि स्वतःची किंमत स्वतः चुकती केली.

पुढे तो फिलाडेल्फियात आला आणि सेंट जॉर्जेस या मेथडिस्ट चर्चमध्ये पहाटेची प्रवचनं देऊ लागला. काळ्या लोकांची गर्दी वाढली, तशी गोऱ्या विश्वस्तांची चुळबुळही वाढली. आधी त्यांना भिंतीकडेला बसवलं, मग वरच्या नव्या सज्ज्यात. त्या बांधकामाला या लोकांनी पैसे दिले होते, अंगमेहनतही केली होती. एका रविवारी प्रार्थना चालू असताना एक विश्वस्त आला आणि गुडघे टेकून बसलेल्या ॲबसलम जोन्सला ओढून उठवू लागला. इथे बसायचं नाही, म्हणे. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढंच जोन्सने सांगितलं. तो थांबेना. प्रार्थना संपली आणि सगळे एकदम उठून बाहेर पडले. (ॲलनच्या आठवणींत याचं साल १७८७ आहे. सज्जा बांधला गेला ते पाहता हे १७९२ च्या सुमारास घडलं असावं, असं बरेच इतिहासकार म्हणतात. मला ते पटतं.)

१७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली, हजारो माणसं गेली. ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असा तेव्हा समज होता. तो साफ खोटा ठरला. जोन्स आणि ॲलनच्या माणसांनी रोगी सांभाळले, प्रेतं उचलली, त्यांच्यातलेही पुष्कळ मेले. एवढं करून वर चोरीचे आरोप झाले, तेव्हा दोघांनी छापील पुस्तिका काढून हिशेबासकट उत्तर दिलं.

१७९४ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जोन्स एपिस्कोपल पंथात गेला. ॲलनने मेथडिझम सोडला नाही, कारण साध्या माणसाला कळणारं प्रवचन तिथेच आहे, असं त्याचं मत होतं. एक जुनं लोहाराचं दुकान त्याने सिक्स्थ स्ट्रीटवरच्या स्वतःच्या जागेवर ओढून आणवलं. ते बेथेल चर्च.

आता खरी मेख. १७९६ मध्ये चर्चची नोंदणी करताना कागद एका गोऱ्या मेथडिस्ट वडिलाने तयार केले. यांनी विश्वासाने सह्या केल्या. नंतर कळलं, मालमत्ता मेथडिस्ट कॉन्फरन्सच्या ताब्यात गेली होती. १८०७ मध्ये यांनी घटनेला पुरवणी जोडून ताबा परत घेतला, पण कटकट संपली नाही. १८१५ मध्ये बेथेल चक्क लिलावात निघालं. ज्याने स्वतःला विकत घेतलं होतं, त्याला आता स्वतःचं चर्च विकत घ्यावं लागलं, दहा हजारांहून जास्त डॉलर मोजून. गोरा धर्मोपदेशक प्रवचनाला आला, तेव्हा लोक वाटेत असे दाटीने उभे राहिले की त्याला व्यासपीठापर्यंत जाताच येईना. तो कोर्टात गेला. १८१६ च्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच एप्रिलमध्ये आसपासच्या शहरांतल्या मंडळ्यांनी एकत्र येऊन नवा पंथ स्थापला. ॲलन पहिला बिशप. श्रद्धेची कलमं जवळजवळ तीच राहिली. बदलली ती मालकी.

पण याच ॲलनकडे जरीना ली नावाची बाई प्रवचनाची परवानगी मागायला आली, तेव्हा आपल्या नियमांत बायकांना ती सोय नाही, असं उत्तर तिला मिळालं. काही वर्षांनी, १८१९ मध्ये, बेथेलमध्ये प्रवचनकार मध्येच अडखळला आणि ही उठून बोलू लागली. आता हाकलतात, असं तिला वाटलं. ॲलन उभा राहिला आणि हिला खरंच बोलावणं आलंय, असं त्याने सगळ्यांसमोर मान्य केलं. तरी या पंथात पहिली स्त्री बिशप, व्हॅश्टी मकेन्झी, झाली ती २००० साली!

बेथेलची आजची दगडी इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. जागा मात्र तीच, आणि अजूनही त्याच मंडळीच्या नावावर. रिचर्ड आणि त्याची बायको सारा यांची थडगी तळघरात आहेत. सेंट जॉर्जेसही तिथून फार लांब नाही, उभं आहे. २००९ मध्ये बेथेलची मंडळी तिथे रविवारच्या उपासनेला गेली. उपासना झाल्यावर आपल्या चर्चमध्ये परत आली.