पडदा, खिडकी आणि आचाऱ्यांचा अर्धा र

युनिक्सच्या वळणाची एखादी कार्यप्रणाली संगणकावर नव्याने बसवली आणि तिच्यासोबत तयार डेस्कटॉप घेतला नाही, तर यंत्र सुरू झाल्यावर समोर येतो तो काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. नाव टंकावे, परवलीचा शब्द टंकावा आणि आज्ञा देत राहाव्यात. चित्रे, खिडक्या, माऊसने हलणारा बाण या साऱ्या गोष्टी येथे मागाहून आणि वेगळ्या येऊन बसतात. या 'मागाहून'चा इतिहास तंत्रज्ञांचा म्हणून आपण सोडून देतो. परंतु लिपीच्या अभ्यासकाला त्यात आपल्याच प्रश्नांची एक बाजू दिसू शकते.

युनिक्सचा जन्म १९६९चा. तिच्या घडणीच्या काळात संगणकाशी संवाद म्हणजे अक्षरांच्या ओळी, इतकेच गृहीत होते. १९८३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 'अथेना' प्रकल्प सुरू झाला. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे विद्यार्थ्यांना सारख्याच रीतीने वापरता यावीत, हा त्यामागचा एक हेतू होता. या वातावरणात १९८४ साली रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांच्या पुढाकाराने 'एक्स' ही खिडक्यांची प्रणाली आकाराला आली. स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलेल्या 'डब्ल्यू' नावाच्या प्रणालीची ती वंशज, म्हणून वर्णमालेतले पुढचे अक्षर. १९८७च्या सप्टेंबरमध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि पुढची कित्येक दशके तीच पायाभूत राहिली.

'एक्स'च्या कर्त्यांनी एक सूत्र कसोशीने पाळले: यंत्रणा पुरवावी, धोरण लादू नये. पडद्यावर आयत कसा काढायचा, कळ दाबल्याची वार्ता कोणाला कळवायची, हे 'एक्स' सांगेल. खिडकीला चौकट असावी की नसावी, ती बंद करण्याची खूण कोठे असावी, हे ठरवणार दुसरेच कोणी. म्हणूनच केवळ 'एक्स' सुरू केले तर डेस्कटॉप मिळत नाही. मिळते ती रिकामी भूमी. खिडक्यांचा व्यवस्थापक वेगळा, बटणे आणि यादी काढणारा संच वेगळा, आणि या सर्वांना एकत्र बांधणारा डेस्कटॉप त्याहून वेगळा.

१९९१ साली लिनक्स आले आणि १९९२ पासून 'एक्सफ्री८६' या प्रकल्पाने 'एक्स' सामान्य पीसीवर आणले, तेव्हा या स्वातंत्र्याची किंमत घरोघरी कळू लागली. व्हिडिओ कार्डाचे नाव, मॉनिटरच्या आडव्या आणि उभ्या वारंवारितेच्या मर्यादा, हे सारे एका फाईलमध्ये हाताने भरावे लागे. चुकीच्या वारंवारितेने मॉनिटरला इजा होऊ शकते, असा इशाराही सोबत असे. सारे जुळले की 'स्टार्टएक्स' ही आज्ञा द्यायची.

या विखुरलेपणावर उतारा म्हणून ऑक्टोबर १९९६मध्ये जर्मनीतील माथियास एट्रिख यांनी 'केडीई'ची घोषणा केली. तिचा पाया असलेला 'क्यूटी' हा नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचा संच मुक्त परवान्याखाली नव्हता. या आक्षेपातून ऑगस्ट १९९७मध्ये मिगेल दि इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी 'ग्नोम' सुरू केले. २००० साली 'क्यूटी' जीपीएल परवान्याखाली आले. वादाचे मूळ कारण संपले, घराणी मात्र दोन राहिली. परवान्याचाच वाद २००४ साली 'एक्सफ्री८६'ला भोवला आणि बहुतेक वितरणे 'एक्सऑर्ग'कडे वळली.

येथवरचा इतिहास स्वातंत्र्याच्या कथेसारखा वाचता येतो. पण धोरण न लादणारी यंत्रणा खरोखरच तटस्थ होती का? 'एक्स'च्या मूळ रचनेत फॉन्ट म्हणजे क्रमांक लावलेल्या आकृत्यांची पेटी. क्रमांक द्यावा, आकृती काढावी, पुढे सरकावे. रोमन लिपीला हे पुरते. देवनागरीत 'कि' लिहिताना स्मृतीत क आधी असतो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. जोडाक्षरात दोन-तीन वर्ण मिळून तिसराच आकार घेतात. मराठीचा पेच आणखी सूक्ष्म आहे. 'आचार्यांना' नमस्कार करावा आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाचे सांगावे. हा फरक केवळ अर्ध्या र च्या आकारावर उभा आहे. 'एका क्रमांकाला एक आकृती' हे गृहीतक कोणी धोरण म्हणून घोषित केले नव्हते. ते इतके स्वाभाविक वाटले की त्याला यंत्रणा म्हटले गेले. तटस्थतेच्या पोटातही एक लिपी दडलेली असते, ती अशी.

तरीही दोषारोपावर थांबणे अन्यायाचे होईल, कारण सुटकेची वाटही त्याच सूत्राने मोकळी ठेवली होती. अक्षरे कोणी जुळवावीत याची सक्ती 'एक्स'ने केली नसल्यामुळे ते काम वरच्या थरात नेता आले. २०००च्या सुमारास कीथ पॅकार्ड यांच्या 'रेंडर' विस्तारामुळे अक्षरांच्या आकृत्या कार्यक्रमानेच पुरवणे शक्य झाले. १९९१च्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी भारतीय 'इस्की' मानकावरून घेतलेली होती. त्या संकेतांना आकार देणारे 'पँगो' २००२ साली ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीत रुजले. 'पँगो' या नावात ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा. २००४ साली रेड हॅटने भारतीय लिप्यांचे 'लोहित' फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले. 'लोहित' म्हणजे तांबडा, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आज वेलांटी जागेवर पडते, जोडाक्षर जुळते आणि आपण त्याकडे पाहतही नाही. मुद्रणाच्या इतिहासात खिळ्यांनी देवनागरीला कसे वाकवले, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. त्याच इतिहासाचे पुढचे प्रकरण या पडद्यामागे लिहिले गेले आहे. आचार्य आणि आचारी यांतला भेद पडद्यावर शाबूत राहिला, तो आपोआप नव्हे. कोणीतरी तो यंत्राला समजावून सांगितला, म्हणून. ते प्रकरणही अभ्यासक्रमात यायला हवे.