घराची राखण : काही ऐतिहासिक दाखले आणि एक कबुली



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मृग नक्षत्र लागण्यापूर्वी वरच्या वर्गातील मुलांना शिडीवर चढवून शाळेच्या गच्चीवरील पन्हळीतला पाला काढवून घेत असत. आम्हांला तेव्हा तो शिक्षेचाच एक प्रकार वाटे. आज मी त्याच विषयावर बोलावयाचे योजिले आहे. वाङ्मयाच्या प्राध्यापकाने घराच्या डागडुजीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुन्या मराठी गद्याचे दोन उत्तम नमुने याच विषयाशी निगडित आहेत.

पहिला नमुना शिवछत्रपतींच्या पत्राचा. १६७४ च्या सुमारास चिपळूण परिसरात छावणीस असलेल्या जुमलेदार-हवालदारांना ते लिहिले गेले. त्यातील रयतेला त्रास न देण्याविषयीचा भाग सर्वत्र उद्धृत होतो. आगीविषयीचा भाग मात्र आपण घाईने वाचून पुढे जातो. गवताच्या गंजी कोठे आहेत, वारा कोणत्या बाजूचा आहे, हे न पाहता कोणी चुली पेटवील, कोणी तंबाखू ओढील. एका खोपटाला आग लागली की सगळी खोपटी जळतील. रात्री दिवा तेवत राहिला तर उंदीर पेटती वात पळवून नेईल, अशी बारीकसारीक संकटे तेथे आधीच कल्पिलेली आहेत. राज्याभिषेकाच्या उंबरठ्यावर असलेला राजा उंदराचा विचार करतो आहे! वर्गात हा भाग शिकविताना मुले हसत, आणि मीही हसत असे.

दुसरा नमुना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा, म्हणजे इ. स. १७१५ च्या सुमाराचा. त्यातील दुर्गप्रकरण हे युद्धशास्त्रापेक्षा गृहव्यवस्थेचेच प्रकरण आहे, असे माझे मत आहे. गडावर केरकचरा पडू देऊ नये. तो जेथल्या तेथे जाळून त्याची राख परसात टाकावी आणि भाजीपाला करावा. दारूखाना वस्तीच्या घरापासून दूर असावा. दारू, बाण वगैरे आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करावे. तटावर झाडे उगवली तर ती वरचेवर कापून काढावीत. यातला ‘वरचेवर’ हा भाव महत्त्वाचा आहे. एकदाच केलेल्या मोठ्या दुरुस्तीवर अमात्यांचा विश्वास नाही. शत्रूच्या तोफेला वेढा घालावा लागतो. सांध्यात रुजलेल्या पिंपळाला तेही कष्ट नाहीत.

मराठी घराला ही शिस्त सवयीने ठाऊक होती. ‘शाकारणे’ हे आपले क्रियापद पाहा. पावसाळ्याच्या तोंडाशी छप्पर नीट करून घेण्याची एवढी मोठी क्रिया एका शब्दात सामावली आहे. आमच्या नागपूरकडे त्याला कवेलू फेरणे म्हणत. फुटकी कवेलू वेगळी काढावयाची, उरलेली झटकून पुन्हा बसवावयाची, आणि त्या निमित्ताने आढ्यापासून वाशांपर्यंत सारे घर डोळ्यांखालून जात असे. कवेलू गेली, सिमेंटची गच्ची आली, आणि वर्षातून एकदा वर चढून पाहण्याचे निमित्तच नाहीसे झाले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्यांत आमचेही होते. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. तात्या टोपे नगरातील आमच्या क्वार्टरला कवेलू नव्हते. तरी वडील दर मे महिन्यात शिडी लावून वर जात, आणि खाली आल्यावर पत्र्याची पेटी उघडून घरखर्चाच्या वह्या, दाखले, पत्रे चटईवर पसरीत. येथल्या काळ्या मातीचा स्वभाव त्यांनी लवकरच ओळखला होता. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तिरप्या भेगा पाडते. भेगेच्या टोकाशी ते पेन्सिलीने खूण करून तारीख घालीत. पुढच्या वर्षी भेग खुणेपलीकडे गेली की नाही, हे त्यावरून कळे. घर सरकारचे होते. मालकी नसताना राखण का करावयाची, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

हा प्रश्न लहान नाही. शाहजहान बेगमेने १८७१ ते १८८४ या काळात बांधविलेला येथला ताजमहाल राजवाडा घ्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथे आसरा मिळाला, ते योग्यच झाले. परंतु आसरा घेणाऱ्याला छत हवे असते; छताची दुरुस्ती त्याच्या आवाक्यात नसते. मालक गेले, राहणारे बदलले, आणि त्या भव्य वास्तूची पडझड होत गेली. १२ जून २०२३ रोजी सातपुडा भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांपर्यंत चढली आणि असंख्य कागदपत्रांची राख झाली, तेव्हा मला पहिल्याने आठवला तो चिपळूणचा उंदीर.

पण दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. निवृत्तीनंतर मी स्वतःच्या घरात राहतो आहे. काही वर्षांपूर्वी कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे रोप दिसले. दोनच पाने होती. पुढच्या आठवड्यात काढू, असे म्हटले. तीन पावसाळे गेले. मुळाने पन्हळीचे तोंड बुजविले, गच्चीवर पाणी साचले, ते भिंतीत उतरले. त्या भिंतीला अगदी टेकवून मी वडिलांची पेटी ठेवली होती. ओल आली, आणि ओलीच्या मागोमाग पायातून मातीच्या नळ्या चढवीत वाळवी आली. वर्षातून एकदा पेटी उघडण्याचा वडिलांचा नेम मी मोडला होता. उघडली तेव्हा वरची पुठ्ठ्याची कव्हरे शाबूत होती. आत मातीचा भुगा होता. नागपूर सोडून आलेल्या एका कुटुंबाने नव्या राजधानीत संसार कसा मांडला, तांदूळ काय भावाने घेतला, पहिला गणपती कोणाकडे बसला, याची १९५६ पासूनची नोंद त्या वह्यांत होती. दुर्गप्रकरण वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या माणसाच्या घरात हे घडले!

ज्या क्वार्टरच्या भिंतींवर त्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, ती आमची ओळही आता राहिलेली नाही. स्मार्ट सिटीच्या कामासाठी तात्या टोपे नगरातील जुनी घरे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, त्यांत तीही गेली. त्यामुळे वह्यांचे मोल मला दुप्पट जाणवले.

एकंदर बावीस वह्यांपैकी तीन वाचल्या. त्या सावलीत वाळवून, पानापानांत कोरा कागद घालून मी या शाळेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केल्या आहेत. तेथे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेले आहे, हे मी स्वतः पाहून घेतले. पिंपळ वरून कापला, पण मूळ भिंतीत आहे आणि दर पावसाळ्यात त्याला एखादे पान फुटते. गुडघ्यांमुळे मला शिडी चढवत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात नातू वर जातो आणि मी खाली शिडी धरून उभा राहतो.