अंगी लागणे

नाचणगाव वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावला अगदी खेटून. नावावरून नाचणी आठवते, पण हा मुलूख पऱ्हाटीचा, तुरीचा, सोयाबीनचा. नुसत्या उच्चारसाम्यावर व्युत्पत्ती उभी करू नये. इकडची एखादी आई वर्ष-दीड वर्षाचं लेकरू काखेत घेऊन दवाखान्यात येते आणि म्हणते, "खाल्लेलं याच्या अंगालेच लागत नाही." केसपेपरवर या वाक्याची 'एफटीटी' एवढीच अक्षरं होतात, म्हणजे फेल्युअर टू थ्राइव्ह. नोंदींना संकेतांक देणारा त्यावर आयसीडी-१० या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातला आर ६२.८ टाकतो.

या तिन्हींत मला आईचं वाक्य सर्वांत नेमकं वाटतं. त्यातला कर्ता पाहा : 'खाल्लेलं'. इंग्रजी शब्दांत कर्ता मूल आहे आणि नापासही तेच. मराठी मात्र मुलाला दोष देत नाही, अन्नाचा माग काढायला लावते. खाल्लेलं जातं कुठे? जंत, वरचेवर लागणारी हगवण, क्षय, सगळे प्रश्न त्या एका क्रियापदातून निघतात. तीच आई "काही खातच नाही" म्हणाली, तर चौकशीची दिशा बदलते. संकेतांकही बदलतो, कारण भरवण्यातल्या अडचणींसाठी आर ६३.३ वेगळा आहे. "होतं तेही वजन उतरलं" म्हणाली तर आर ६३.४. गरोदर बाईचं वजन वाढत नसेल तर ओ २६.१. बोलण्यातले हे भेद वर्गीकरणानेही जपलेत. ते पुसले जातात मधल्या कागदावर, 'वजन कमी' एवढं लिहून पुढचा पेशंट बोलावला की.

'थ्राइव्ह'चं मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे. तिथे त्याचा अर्थ स्वतःसाठी पकडून घेणं असा होता. आपणही बाळ बाळसं 'धरतं' म्हणतो, रोप मूळ धरतं, पीक जोम धरतं. इतक्या लांबच्या दोन भाषांना वाढ म्हणजे हाताची पकड वाटावी, याचं मला फार अप्रूप आहे.

'वजन' अरबीतून फारसीमार्गे आलं. 'तोल' आपला, संस्कृत तुलेचा. 'पोसणं' आलं पुष् धातूवरून; पुष्य नक्षत्र आणि वेदांतला पूषन् त्याच घरातले. 'कुपोषण' हा त्याच धातूवर घडवलेला पुस्तकी शब्द. अंगणवाडीत तो फारसा ऐकू येत नाही. सेविका म्हणतात, "सॅमचं बाळ आता मॅममध्ये आलं." सॅम म्हणजे तीव्र कुपोषण, मॅम म्हणजे मध्यम. दंडघेराची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या आत आली की बाळ सॅममध्ये धरतात.

आरोग्यशिक्षणाच्या मराठीत दोन सुंदर शब्द आहेत, सुकटी आणि सुजवटी. सुकटी म्हणजे मरास्मस, ई ४१. हा ग्रीक शब्दही सुकण्या-झिजण्याचाच. सुजवटी म्हणजे क्वाशिओरकोर, ई ४०. हे नाव आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टच्या, आजच्या घानाच्या गा भाषेतलं. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३५ साली ते वैद्यकात आणलं. पाठचं भावंड आल्यावर थोरल्याला जडणारा आजार, असा त्याचा भाव. आपल्याकडे माधवनिदान या आयुर्वेदग्रंथात गरोदर आईचं दूध पिणाऱ्या मुलाच्या आजाराला 'पारिगर्भिक' म्हटलंय आणि त्यात कृशताही सांगितलीय. दोन्ही नावांनी दुखण्याचं कारण घरातच, आईच्या पुढच्या गरोदरपणात पाहिलं.

सुजवटीत काटा फसवतो. पावलांवर सूज असली की अंगातलं पाणी वजनात मोजलं जातं आणि आकडा बरा दिसतो. म्हणून दोन्ही पावलं अंगठ्याने दाबून पाहायची. खड्डा उरला आणि ती सूज कुपोषणाची असली, तर वजन काहीही असो, बाळ सॅममध्ये. केसपेपरवर 'दोन्ही पावलांना सूज' हे शब्द नसतील, तर संकेतांक देणाऱ्याला ई ४० सुचणार कुठून? त्याने मूल पाहिलेलं नसतं, त्याच्यापुढे फक्त कागद असतो.

मराठीत 'निदान' म्हणजे रोगाची ओळख आणि 'किमान'ही. ऋग्वेदात निदान म्हणजे बांधायची दोरी, दावं, पुढे कारण. आर अक्षराचे संकेतांक लक्षणांचे आहेत, कारण अजून सापडलेलं नाही तोवरचे. नाचणगावच्या त्या लेकराच्या पुढच्या कागदावर क्षयाची नोंद झाली, की मुख्य निदानाच्या जागी आर ६२.८ राहत नाही, क्षयाचा संकेतांक येतो.