वाळवंटातली हिवाळी स्वारी

कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही सोने लुटून सीमोल्लंघन होते. या सोहळ्यामागे मोहिमेचे वेळापत्रक होते. पाऊस सरला, नद्या उतरल्या, चारा मिळू लागला की मराठी फौजा निघत. पावसाळ्यापूर्वी माघारी फिरत, नाहीतर तिकडेच छावणी करीत.

फौज म्हणजे चालते-फिरते गावच. राहुट्या, बाजार, बुणगे आणि बैलांच्या पाठीवरून धान्य पुरवणारे लमाणांचे तांडे सोबत असत.

मारवाडच्या रेताड मुलखात मात्र हे वेळापत्रक मोडले. १७५४ मध्ये मेडत्याजवळ विजयसिंहाचा पराभव करून जयाप्पा शिंदे यांनी हिवाळ्याच्या तोंडावर नागौरला वेढा घातला. हिवाळा गेला, उन्हाळाही गेला. नागौर पडले नाही. जुलै १७५५ मध्ये, तहाची बोलणी चालू असताना, मारेकऱ्यांनी जयाप्पांना छावणीतच ठार केले. दत्ताजींनी वेढा पुढे चालवला. तह झाला तो १७५६ मध्ये.

नागौरच्या पश्चिमेस, जैसलमेर-बाडमेर भागात, आज ३,१६२ चौ. किमीचे डेझर्ट नॅशनल पार्क आहे. कोल्हापुराहून हिवाळ्यात कॅरव्हॅन घेऊन तिकडे निघणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात: पाणी कोठे भरायचे आणि माघारी केव्हा फिरायचे.