दुसऱ्या आठवड्याचा प्रेक्षक

चित्रपट पाहून बाहेर पडलेला माणूस घरी पोहोचेपर्यंत निदान दोघांना तरी आपलं मत सांगतो. जावं का, पोरांना न्यावं का, गाणी बरी आहेत का, शेवट कसा केलाय, पैसे वसूल होतात का. या बोलण्याची नोंद कुणी ठेवली नाही. चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कंपन्यांची दफ्तरं, नटनट्यांच्या आठवणी, सेन्सॉरचे निकाल आणि वर्तमानपत्रांतली परीक्षणं धुंडाळली. साध्या प्रेक्षकाच्या मताचा उल्लेख ‘लोकांनी डोक्यावर घेतला’ किंवा ‘लोकांना रुचला नाही’ एवढ्या एका ओळीत उरकला. त्या एका ओळीत इतिहासाचा फार मोठा भाग दडपला गेला आहे. मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि त्यांच्या पाठीमागच्या मुलखातला चित्रपटधंदा निदान पाऊणशे वर्षं या कर्णोपकर्णी मतावर उभा होता. त्या मताला एवढं बळ आलं ते थिएटरांच्या रिवाजामुळे. चित्रपट थोड्या ठिकाणी लागे आणि चालेल तितके दिवस राही. त्यामुळे माणसांच्या बोलण्याला पसरायला अवधी मिळे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली तेव्हा तिकीट एक रुपया होतं. थोड्याच दिवसांत तेच खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि तिथे चार आण्यांचीही जागा मिळू लागली, बायकांना बसायची वेगळी सोय झाली. म्हणजे चार आणेवाला प्रेक्षक आणि बाईप्रेक्षक हे दोघेही पहिल्याच महिन्यात दाखल झाले. हा प्रेक्षक कोरा नव्हता. कीर्तनात मान डोलावणारा, तमाशात दौलतजादा करणारा, संगीत नाटकात एकेका पदाला ‘वन्समोअर’ घेणारा असा तो होता. नाटकात त्याचं मत थेट नटाच्या तोंडावर पडे आणि नट त्याप्रमाणे बदले. पडद्यावरच्या माणसाला मात्र ते ऐकू येत नाही. टाळ्या, शिट्ट्या, पडद्यावर उधळलेले पैसे हे सगळं थिएटरात चालूच राहिलं, पण त्याने खेळ बदलत नव्हता. प्रेक्षकाच्या हाती एकच उपाय उरला: उद्या पुन्हा यायचं, किंवा शेजाऱ्याला पाठवायचं, किंवा जाऊ नको म्हणून सांगायचं. नाटकात जे मत आतच खर्ची पडायचं ते चित्रपटाने रस्त्यावर, चाळीत, पाणवठ्यावर आणून सोडलं.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि २३ दिवस चालला. चित्रं आठवड्याच्या आतच बदलायची, त्या काळातले हे २३ दिवस आहेत. जाहिरातीने पहिले तीन-चार दिवस भरले असतील. त्यापुढची गर्दी ज्यांनी पाहिला त्यांनी पाठवलेली. सुरतेला याच चित्रपटाचं काय झालं ते तर फारच बोलकं आहे. तिथे पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये जमला असं सांगतात. थिएटरवाल्याने फाळक्यांना कारण सांगितलं: दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक पाहणारे लोक तीन आणे देऊन दीड तासाच्या खेळाला का येतील? तेव्हा फाळक्यांनी नवी जाहिरात काढली. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! गल्ला शेकड्यांत गेला. जाहिरातीपुढे लोकांचं मत ते काय, असं म्हणणाऱ्यांनी हा किस्सा नीट वाचावा. फाळक्यांनी हरिश्चंद्राचं सत्त्व, नटांचा अभिनय, पौराणिक वैभव यांतलं काहीही त्या जाहिरातीत पुढे केलं नाही. लोक गल्लीत जी तक्रार करत होते, पैशाच्या मानाने खेळ तोकडा आहे ही, तिलाच त्यांनी मैलांच्या हिशेबात उत्तर दिलं. प्रेक्षकाचं बोलणं आधी झालं, जाहिरात मागून आली.

सरकारलाही हा प्रेक्षक काय म्हणतो याची चिंता होती. १९२७ मध्ये दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी नेमली गेली. तिने ३५३ साक्षी घेतल्या, देशभर प्रश्नावल्या पाठवल्या, आणि अहवालाबरोबर साक्षींचे जाडजूड खंड छापले. मूकपटांच्या काळाबद्दल एवढा मोठा ऐवज दुसरीकडे नाही. पण साक्षीदार कोण होते? अधिकारी, वकील, संपादक, निर्माते, थिएटरमालक, शिक्षणक्षेत्रातली मंडळी. पिटातल्या स्वस्त जागांवर बसणाऱ्यांबद्दल जो तो बोलला, पिटातल्यांना बोलवावं असं फारसं कुणाला सुचलं नाही. तरीही त्यांचं मत त्या पानांतून झिरपतंच. अमेरिकन चित्रपट तंत्रात कितीतरी सरस, तरी सामान्य प्रेक्षक देशी चित्राला गर्दी करतो, हे थिएटरवाले गल्ल्यावरून सांगत होते आणि कमिटीला ते मान्य करावं लागलं. हॉलिवुडच्या पुढे देशी धंदा तगला तो या पसंतीमुळे. ती पसंती कुणा समीक्षकाने शिकवलेली नव्हती.

बोलपट आल्यावर हे बोलणं आणखी सोपं झालं, कारण आता गाणं आणि संवाद तोंडी घेऊन जाता येत होते. थिएटरात आण्या-दोन आण्यांना मिळणारी चोपडी याच कामाची. पातळ कागद, मुखपृष्ठावर नायक-नायिकेचं चित्र, आत गाणी आणि गोष्टीचा सारांश; आणि सारांश ऐन रंगात आला की पुढचं पडद्यावर पाहा असं सांगून तुटायचा. ही चोपडी घरी जाई. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही ते त्यातली गाणी म्हणत, आणि ज्याने पाहिला तो तुटलेली गोष्ट पुरी करून सांगे, स्वतःचा शेरा जोडून. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या डिसेंबरात लागला आणि मुंबईच्या सेंट्रल थिएटरात ५७ आठवडे चालला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो १९३७ मध्ये, म्हणजे लोकांनी आपला निकाल देऊन कित्येक महिने उलटल्यावर. आज आपण हा चित्रपट थोर म्हणतो तेव्हा व्हेनिसचा दाखला आधी देतो. क्रम उलटा आहे आणि तो सरळ करायला हवा. तुकारामाचं काम करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या पाया पडायला लोक येत होते, त्यांना व्हेनिस कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नव्हती.

पुण्याच्या विजयानंदमध्ये अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ पासून १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं. त्या वेळच्या पुण्याची वस्ती पाहिली तर हा आकडा शहराच्या प्रेक्षकांवर निघणं कठीण. तेच लोक पुन्हापुन्हा आले असणार आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून कामासाठी पुण्यात आलेला माणूस हा चित्रपट पाहूनच गावी परतला असणार. इथे एक रास्त हरकत येते. तिकीट विकलं गेलं म्हणजे मत झालं असं कसं धरायचं? लोक थंड हवेसाठी, वेळ घालवायला, दुसरं काही नाही म्हणूनही थिएटरात शिरतात. खरं आहे. पहिल्या आठवड्याच्या तिकिटावरून काहीच सिद्ध होत नाही. ते पोस्टराने, नटाच्या नावाने, कुतूहलाने विकलं जातं. पण विसाव्या आठवड्यात पोस्टर जुनं झालेलं असतं, वर्तमानपत्राला त्या चित्रपटाचं काही उरलेलं नसतं. त्या आठवड्यात खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला तिथवर आणण्याचं कारण दुसऱ्या माणसाच्या तोंडाशिवाय शोधून सापडत नाही. म्हणून मी आठवड्यांच्या आकड्याला, नोंद न झालेल्या संभाषणाची शिल्लक राहिलेली एकमेव पावती मानतो.

१५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईच्या मिनर्व्हात लागलेल्या ‘शोले’ची गोष्ट इथे तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण एकाच चित्रपटाबद्दल दोन प्रकारची मतं एकमेकांसमोर उभी राहिली आणि कोणतं टिकलं ते स्पष्ट दिसलं. धंद्याच्या पत्रांनी पहिल्या दोन-तीन दिवसांत चित्रपट पडल्यात जमा केला. परीक्षणं वाईट आली. शेवट बदलून अमिताभच्या पात्राला जगवावं का, यावर खल झाला. थिएटरात टाळ्या नव्हत्या, हशा नव्हता. लोक गप्प बसून पाहत होते आणि गप्प बाहेर पडत होते, आणि धंद्यातल्या जाणत्यांनी त्या गप्प बसण्याचा अर्थ नापसंती असा लावला. मध्यंतरात थंड पेयांचा खप होत नाही असं दिसलं. लोक खुर्चीतून उठतच नव्हते, त्यांना भान नव्हतं, हे कळायला आठवडे गेले. मग संवाद गल्लीगल्लीत म्हटले जाऊ लागले. ते इतके, की पॉलिडॉरने गाण्यांऐवजी संवादांची तबकडी बाजारात आणली. मिनर्व्हात चित्रपट पाच वर्षं राहिला. पण पहिल्या सोमवारी तो उतरवला असता तर? त्या वेळच्या रिवाजात थोड्या प्रतींवर, मोठ्या थिएटरात लागलेला चित्रपट इतक्या लवकर काढत नसत. प्रेक्षकाची समज जितकी खरी, तितकाच हा थांबण्याचा रिवाजही खरा. शोले दोघांनी मिळून वाचवला.

त्याच वर्षीचा ‘जय संतोषी माँ’ कमी पैशांत, मोठ्या नटाशिवाय केलेला. जाणकारांनी त्याकडे पाहिलंही नाही. बायकांनी बायकांना सांगितलं, शुक्रवारच्या व्रताबरोबर ते सांगणं घरोघर गेलं, आणि थिएटराच्या दाराशी चपला काढून आत जाणाऱ्या बायका हे त्या वर्षाचं दृश्य झालं. १९९१ मध्ये विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ने मराठीत तेच केलं. शहरी परीक्षणांनी या चित्रपटाची रडका म्हणून हेटाळणी केली. मला ती हेटाळणी नेहमीच अपुरी वाटली आहे. सासरी गांजलेल्या सुनेची गोष्ट पाहून रडणारी बाई चित्रपटाच्या कलागुणांवर बोलत नसेलही, पण आपल्या घरात कुणापुढे उच्चारता न येणारी गोष्ट ती चार बायकांच्या सोबतीने अंधारात पाहत होती आणि परतीच्या वाटेवर त्या चौघी त्या सुनेच्या निमित्ताने बोलत होत्या. जावांनी जावांना, मावशीने भाचीला पुन्हा नेलं. या मताला छापील जागा कुठेच नव्हती. म्हणून ते मत नव्हतं असं होत नाही.

सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे: लोकांचं मत नव्या गोष्टीला मारतं. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा. देवादिकांच्या आणि राजेमहाराजांच्या काळात त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. जाणकारांनी वाखाणला, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. हा मूकपट आज पाहायलाही मिळत नाही. हे नुकसान खरं आहे आणि प्रेक्षकाची बाजू मांडताना ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्याची आठवण टिकली ती लिहिणाऱ्यांमुळे. गावच्या पारावर ती टिकली नसती. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेने १९६८ पासून मुंबईत चित्रपट दाखवून त्यावर बोलण्याची सवय लावली, तीही याच उणिवेची भरपाई होती. मात्र एवढ्यावरून प्रेक्षकाची आवड कायमची ठरलेली असते असा निष्कर्ष निघत नाही. बारा वर्षांनी त्याच मुलखातल्या प्रेक्षकांनी म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणाऱ्या नीराचा ‘कुंकू’ उचलून धरला, पुढे ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ही. मधल्या काळात त्यांना कुणी शिकवायला गेलं नव्हतं. त्यांनी चित्रपट पाहिले, एकमेकांशी भांडले, आणि त्यांची मागणी बदलली.

पाहणं, सांगणं आणि ऐकणाऱ्याने त्यावरून ठरवणं ही सगळी क्रिया जत्रांतल्या तंबूंमध्ये एका रात्रीत घडे. एकाच मैदानावर दोन-तीन टुरिंग टॉकीज शेजारी-शेजारी, प्रत्येकाचा कर्णा, प्रत्येकाचा पुकारा. पहिला खेळ सुटला की बाहेर पडणाऱ्यांना रांगेतले लोक विचारत आणि मिळालेल्या उत्तरानुसार रांग या तंबूवरून त्या तंबूवर सरके.

मल्टिप्लेक्स आल्यावर प्रेक्षक बोलायचा थांबला नाही; पूर्वीपेक्षा तो जास्तच बोलतो आणि त्याचं बोलणं मिनिटांत पोहोचतं. बदललं ते दुसरं टोक. शेकडो पडद्यांवर एकदम लागलेला चित्रपट शुक्रवार-शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर तोलला जातो आणि सोमवारी त्याचे खेळ कापले जातात. २०१६ चा ‘सैराट’ या कात्रीतून सुटला, कारण त्याची गर्दी पहिल्याच दिवसांत इतकी झाली की साताऱ्याकडच्या रहिमतपुरात रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. ज्या चित्रपटाला कळायला पंधरा दिवस लागतात त्याचं काय? २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सांत मराठी चित्रपटाला प्राइम टाइमचा खेळ देणं बंधनकारक केलं तेव्हा सगळा वाद संध्याकाळी सहा ते नऊ या तासांवर झाला, आणि पुढे वेळ दुपारी बारापासून मोजायची अशी तडजोड झाली. मराठी चित्रपटाला चांगली वेळ हवी हे खरंच आहे. पण ज्याला मोठा नट नाही आणि जाहिरातीला पैसा नाही, त्याला लागतो तो दुसरा आठवडा. पहिल्या आठवड्यात आलेल्या थोड्या लोकांनी बाकीच्यांना सांगण्यापुरता. त्या वादात खेळाच्या वेळेवर घासाघीस झाली, किती आठवडे ठेवायचा यावर मात्र नाही.