डेंजर बिल्डिंग वर्कर: जिथे जुगाड चालत नाही

मार्कंडा-चामोर्शीकडचे आहात, नवीन कल्पना फारशा सुचत नाहीत, पण नेमून दिलेलं काम चोख करता? मग शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातली, भद्रावतीची चांदा आयुध निर्माणी माहीत करून घ्या. इथे दारूगोळा बनतो. २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे. ‘डेंजर बिल्डिंग वर्कर’ स्फोटकं हाताळतो. प्रत्येक पायरी एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, ठरलेली. स्वतःचं डोकं लावून शॉर्टकट मारला तर शेजारच्याचाही जीव जाऊ शकतो. (आम्ही कोडवाले चुकलो की अनडू दाबतो!) अलीकडच्या भरतीत एओसीपी, म्हणजे अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट, ट्रेडची अप्रेंटिसशिप मागितली होती. म्हणून सुरुवात तिथून. आणि हो, त्या जागा ठरावीक मुदतीच्या करारावरच्या होत्या. कायम समजून हातातलं काम सोडू नका.