विजेसाठी नाण्यांची चवड

गणकयंत्रावरचे काळे आकडे द्रवस्फटिकांमुळे दिसतात, हे आपण वर्गात सांगतो. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू काही अंशी स्फटिकाप्रमाणे शिस्तीत असतात. १८८८ साली फ्रिड्रिख राइनिट्झर यांना असा पदार्थ प्रथम आढळला. पुढील सुमारे नव्वद वर्षांत सापडलेल्या बहुतेक द्रवस्फटिकांचे रेणू काडीसारखे होते. त्यामुळे रेणू लांबटच हवा, अशी समजूत रूढ झाली.

१९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत ही समजूत मोडली. नागपूर विद्यापीठात शिकलेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी बेंझीनच्या चपट्या कड्याला सहा कार्बनी शेपट्या जोडल्या. तापवल्यावर हे चकतीसारखे रेणू नाण्यांच्या चवडीप्रमाणे एकावर एक रचले जाऊन त्यांचे स्तंभ बनले.

या चवडीत रसायनशास्त्रज्ञांना विजेची वाट दिसली. एकाच दिशेने वीज वाहणारे पदार्थ त्यांना आधीच ठाऊक होते. काही प्लॅटिनम क्षारांमध्ये धातूचे अणू एका ओळीत असतात आणि वीज त्या ओळीतून वाहते. पण स्फटिक ठिसूळ असतो. ओळ एका जागी तुटली, की विजेला वळसा घालायला दुसरा रस्ता नाही. द्रवस्फटिकातले रेणू हलते असल्याने मोडलेली चवड पुन्हा जुळू शकते.

१९८२ साली फ्रान्समधील झाक सिमाँ व सहकाऱ्यांनी शाई आणि रंगांत वापरल्या जाणाऱ्या निळ्या तांबे-थॅलोसायनीनच्या चकतीला आठ लांब शेपट्या जोडल्या. तिचे स्तंभ झाले. मध्ये तांबे, भोवती शेपट्यांचे आवरण. जणू वेष्टन घातलेली तारच! तरीही त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात 'एकमितीय वाहकांच्या दिशेने' एवढाच दावा होता, आणि तो योग्य होता. वाट तयार असली तरी तिच्यावरून जाणारे मोकळे विद्युतभार जवळजवळ नव्हते.

ते कसे आणायचे, हे १९८८ साली ब्रिटनमध्ये लीड्स येथे नेव्हिल बोडेन यांच्या गटाने दाखवले. त्यांनी ट्रायफेनिलीनच्या चकत्यांमध्ये थोडे ॲल्युमिनियम क्लोराइड मिसळले. त्याने काही रेणूंतील इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि स्तंभाच्या दिशेने वीज वाहू लागली. या चकत्यांच्या मध्यभागी धातू नव्हताच! शेजारच्या चपट्या कड्यांचे इलेक्ट्रॉन-मेघ एकमेकांत मिसळणे आणि मोकळे भार असणे, या दोन गोष्टी पुरेशा ठरल्या.

'वीज वाहते ती धातूमुळे' असे विद्यार्थी म्हणतील, तेव्हा त्यांच्यासमोर नाण्यांची चवड रचून ही हकिगत जरूर सांगावी.